पान, वही, चीक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही, कारण यात तिचे वडील, तात्या, आहेत. बनसोडे मास्तरांचं नाव निघालं की मी विषय बदलतो, आणि विषय बदलता येण्यासारखा नसला तर पाणी प्यायला उठतो. माझ्या मुलानं एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्ही छापखान्यात होता ना, मग शब्दकोडं का सोडवत नाही? मी म्हणालो, डोळे दुखतात. तेव्हा माझे डोळे अगदी चांगले होते.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे कुठं मला पळवाट राहणार नाही. सांगलीच्या एका साप्ताहिकातल्या बक्षीस-कोड्याची उत्तरं फुटली होती. ती मी फोडली. त्याची शिक्षा कोडं रचणाऱ्या बनसोडे मास्तरांना झाली.

चौसष्ट-पासष्टचा सुमार असेल. गणपती पेठेच्या मागच्या एका बोळात आमचा छापखाना होता. मालक आणि संपादक एकच, नाना. मी सव्वीस वर्षांचा. प्रुफं तपासायची, टपाल फोडायचं, आणि कोड्याची कुपनं आली की गठ्ठे लावायचे, ही माझी कामं. आमचं साप्ताहिक अग्रलेखासाठी कुणी घेत नसे. लोक घेत ते कोड्यासाठी. एकेका चौकोनात दोन-दोन, तीन-तीन अक्षरं चालतील अशी सूत्रं असत आणि त्यातलं बरोबर कुठलं ते कोडेकारालाच ठाऊक. म्हणून माणसं एकाच आठवड्याचे पाच-पाच अंक घेत आणि प्रत्येक कुपनावर वेगळा पर्याय भरून पाठवत. कुपनाखाली बारीक टाइपात एक ओळ कायमची जुळवून ठेवलेली होती: उत्तरे केवळ कोडेकारांनाच ठाऊक असतात.

हे कोडेकार म्हणजे बनसोडे मास्तर. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांत शाळा असलेल्या एका संस्थेच्या सांगलीतल्या शाळेत ते मराठी शिकवत. शनिवारची सकाळची शाळा सुटली की साडेबारापर्यंत छापखान्यात येत. उंच, काटकुळे, पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी. बोळाच्या तोंडाशीच ते सायकलवरून उतरत आणि सायकल हातात धरून आत आणत. मला वाटे, बोळातली फरशी उखडली आहे म्हणून उतरतात. फरशी नवी बसवली तरी ते उतरतच राहिले. वरच्या जातींच्या वस्तीतून सायकलवर बसून जायचं नाही, ही त्यांच्या लहानपणच्या गावची रीत त्यांच्या पायांना ठाऊक होती, आणि पायांना कोण समजावणार? त्यांची माणसं छप्पन साली बौद्ध झाली. मास्तर त्यावर अभिमानानं बोलत. पण सायकलवरून उतरत.

सुरुवातीला ते आल्या आल्या पिशवीतून लाखेनं बंद केलेलं पाकीट काढत. त्यात पुढच्या कोड्याची उत्तरं. ते नानांच्या कपाटात जायचं आणि निकालाच्या दिवशी सर्वांसमोर फुटायचं. पाकीट हातात देण्याआधी मास्तर मला पावती लिहायला लावत. 'पाकीट मिळाले, लाख शाबूत', खाली सही, तारीख, वेळ. वेळसुद्धा. टाइप जुळवणारे जुळारी हसत. मास्तरही हसत, पण पावती घेतल्याशिवाय हलत नसत. एस्टीची तिकिटं वर्षभर जपून ठेवत, दुकानात दोन वह्या घेतल्या तरी बिल मागत. एकदा मी म्हणालो, मास्तर, एवढं कशाला? त्यावर त्यांनी पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगितली. खेड्यातली शाळा, रुजू होऊन महिना झालेला. एका सकाळी भिंतीवरचं घड्याळ गायब. कुणी कुणाला काही विचारायच्या आधी दोन माणसं मास्तरांच्या खोलीत येऊन वळकटी उलगडून बघून गेली. घड्याळ शिपायानं दुरुस्तीला साताऱ्याला नेलं होतं, हेडमास्तरांना सांगूनच.

"आधी माझी वळकटी, मग घड्याळजी," मास्तर म्हणाले. "आपल्याकडे कागद असलेला बरा."

हे सगळं ते हसत सांगत. त्यांच्या बोलण्यात रडगाणं नव्हतंच. छापखान्यात चहा यायचा तेव्हा ते पिशवीतून स्वतःचा पितळी पेला काढत आणि म्हणत, कपात फार थोडा येतो, माझ्या पेल्यात जास्त मावतो. चहावाला वरून ओतायचा. आम्ही सगळे हसायचो. कप घ्या असं मी त्यांना एकदाही म्हणालो नाही.

वर्गात आणि छापखान्यात त्यांची मराठी इतकी स्वच्छ असे की नाना चिडवत, मास्तर, तुमचं बोलणं थेट छापायला घ्यावं. पण शब्दावर रंगले की भाषा त्यांच्या गावाकडची, कुंडलकडची व्हायची. 'आहे'चं हाय व्हायचं, मी 'गोविंदराव'चा 'गड्या' व्हायचो. ते गड्या ऐकायला मला आवडे. हेही आता लिहूनच टाकतो.

त्यांचा नियम कडक: उत्तरं पत्नीलासुद्धा सांगायची नाहीत. पण निकालाबरोबर प्रत्येक शब्दाचा खुलासा छापावा लागे, हाच का आणि तो का नाही. तो खुलासा कुणाला पटतो का हे एकदा तरी कानांवर घालून बघितल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. वर्षभर मनाशी झगडून शेवटी त्यांनी स्वतःचा नियम मोडला, तो माझ्यासाठी. मागच्या खोलीत कागदाची रिमं रचलेली असत. शनिवारी जुळारी जेवायला गेले की तिथं रिमांवर बसून ते मला सूत्र वाचून दाखवत, मी दोन्ही पर्याय सांगायचो, मग ते खुलासा वाचत. मला पटला की तिथंच मेणबत्तीवर लाख वितळवून पाकीट बंद. ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी मला शपथ वगैरे घातली नाही. एवढंच म्हणाले, "जिल्ह्यात एकाच माणसापाशी बोललोय." पावती मागितली नाही. त्यांनी पावती न घेता कुणाला दिलेली अशी ती एकच गोष्ट मला ठाऊक आहे.

त्या वर्षी हळदीचा हंगाम सुरू झाला तसा नानांनी खास अंक काढायचा ठरवला. बाजारातल्या अडत्यांच्या जाहिराती मिळणार होत्या. कोडं हळदीवर करा, नाना म्हणाले. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, हळद गडद, ती लहान पोरालाही येते. मी फिकट पिवळ्यावर करतो.

त्या रंगानं त्यांना बरेच दिवस पछाडलं होतं. लाल म्हटलं की लाल, काळा म्हटलं की काळा, पण फिकट पिवळ्याला मराठीत स्वतःचं नाव नाही, असं त्यांचं म्हणणं. लोक दुसऱ्याचं नाव उसनं घेऊन भागवतात. कुणी लिंबाचा म्हणतो, कुणी सायीचा, कुणी केतकीचा. आठवडाभर ते जे दिसेल ते टिपत होते. ताकावर नुकतं आलेलं लोणी. कोंबडीचं पहिल्या दिवसाचं पिल्लू. गंधक. मुगाची धुतलेली डाळ. मार्गशीर्षातलं डोंगरावरचं गवत. काविळीतून उठलेल्या माणसाची नखं. बाभळीचं फूल घालावं की ते फार गडद, यावर त्यांनी माझ्याशी अर्धा तास वाद घातला आणि खिशातून फूल काढून प्रुफावर ठेवून दाखवलं.

एक शब्द त्यांनी काढून टाकला. भिक्खूंचं धुऊन धुऊन फिकट पिवळं झालेलं वस्त्र, चीवर. तीन अक्षरांत नेमका बसत होता. माझ्यासमोरच त्यांनी त्यावर रेघ मारली. मी विचारलं, का? म्हणाले, उद्या पत्र येईल, मास्तर कोड्यात धम्म घुसवतो. मग त्या जागी 'लसूण' घातला आणि आजूबाजूची सहा घरं नव्यानं रचली. त्या खटाटोपात अडीच तास गेले. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. एका शब्दासाठी माणूस इतका घाबरतो हे मला तेव्हा मजेशीर वाटलं होतं.

घाबरायला त्या महिन्यात कारण होतं. संस्थेची एक शाळा कुंडलच्या अलीकडच्या एका गावात होती, मास्तरांच्या जन्मगावी. तिथल्या हेडमास्तरांची मुदत जूनमध्ये संपत होती आणि ती जागा मास्तरांना द्यायचं संस्थेत जवळजवळ ठरलं होतं. त्याच गावात, त्याच शाळेत मास्तर चौथीपर्यंत शिकले होते. दाराबाहेर बसून. आतला फळा दारातून जेवढा दिसायचा तेवढाच त्यांना यायचा, असं ते म्हणत. आता तिथं आतल्या खुर्चीवर बसायचं होतं. ही बातमी त्यांनी मला इतक्या हळू आवाजात सांगितली की जणू मोठ्यानं बोललं तर ती उडून जाईल. जूनपर्यंत कसलंही बालंट नको, एवढंच त्यांना हवं होतं.

कोडं छापून आलं. त्यात तीन घरं अशी होती की बाजार त्यावर तुटून पडला. पहिलं सूत्र: पिकून फिकट पिवळं झालं की जागेवर राहत नाही. शेवटचं अक्षर न. पान, धान की रान? दुसरं: जुनी झाली की फिकट पिवळी पडते. वही की सही? तिसरं: फिकट पिवळा रंग, घरात येताच शेजाऱ्यांना वाटा. पीक की चीक? चीक म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीचं पहिलं दूध. मास्तरांचे खुलासे मला आजही शब्दन्‌शब्द पाठ आहेत. धान आणि रान कुणी हात लावेपर्यंत जागेवरच राहतं, पान आपणहून सुटतं. सही फिकी होते, पिवळा होतो तो तिच्याखालचा कागद, म्हणून वही. पिकाचा वाटा हक्कदाराला जातो, चिकाचा शेजाऱ्याला.

त्या आठवड्यात माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला अडतीवर बोलावलं. हळद बाजारात त्यांची अडत होती. सगळे त्यांना तात्या म्हणत. साखरपुडा झाला होता, लग्नाला सहा आठवडे होते. भर दुपार, पोत्यांची चढउतार चाललेली, हवेत हळदीची धूळ. गादीवर तात्या आणि समोर त्याच गल्लीतले चार-पाच लोक, मध्ये आमचा अंक.

"आवं, तुमच्याच छापखान्यातलं हाय नव्हं हे?" तात्या म्हणाले. "सांगा की, धान का पान?"

मी म्हणालो, ते फक्त मास्तरांना ठाऊक असतं. खाली छापलेली ओळ दाखवली.

तात्या बाकीच्यांकडे वळले. "म्हंजे आमचे जावई तिथं निसती झाडलोट करत्यात म्हणा."

सगळे हसले. मीही हसलो. थोड्या वेळानं माणसं उठून गेली तेव्हा तात्यांनी हसणं बंद केलं. ते मोठ्यानं बोलणारे गृहस्थ होते, पण तेव्हा हळू बोलले, आणि त्यांचा हळू आवाज मी तोवर ऐकला नव्हता. म्हणाले, छापखान्यातला पोरगा म्हणून घरात बायकांनी नाकं मुरडली होती, मी सगळ्यांना गप केलं. मग म्हणाले, "ठाऊक न्हाई, का सांगायचं न्हाई? एक काय ते बोला. घरात कसला माणूस आणतोय ते मला आजच कळू द्या."

माझ्याकडे तेव्हा दोन वाक्यं होती. ठाऊक आहे पण सांगणार नाही, हे एक. ते म्हणायला फार मोठं धैर्य लागत होतं असं आज मुळीच वाटत नाही. तेव्हा मात्र वाटलं. लग्न मोडेल, गल्लीभर होईल, आई काय म्हणेल, हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. मी समोरच्या अंकावर बोट ठेवलं.

"पान. वही. चीक."

तात्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, जेवून जा.

पुढच्या शनिवारी मास्तर कुपनं बघायला बसले. त्या तीन घरांवरून त्यांनी रिमांवर गठ्ठे लावले होते. बारा पर्याय, बारा गठ्ठे. मी टपालाची दोरी सोडून कुपनं त्यांच्या हातात देत होतो. एका गठ्ठ्यावर त्यांचा हात थांबला. त्यातली काही कुपनं त्यांनी बाजूला काढली, पत्ते वाचले, पुन्हा मोजली.

"एकोणीस," ते म्हणाले. "सगळी एका गल्लीतली."

मी म्हणालो, गल्लीनं मिळून सोडवलं असेल.

"मिळून सोडवलं तर भांडणं होतात. कुणी पान म्हणतो, कुणी धान. मग दोन्ही भरतात. इथं एकोणीस माणसांत एकालाही शंका आली नाही." ते थांबले. मग खूप हळू म्हणाले, "शंका न आलेला माणूस कोडं सोडवत न्हाई गड्या. उतरवून घेतो."

माझं लग्न कुणाच्या घरी ठरलंय, ती गल्ली कुठली, हे त्यांना ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, पेढा देऊन. ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. त्यांचा चेहरा चीवरवर रेघ मारताना झाला होता तसाच झाला होता. मी दोरीची गाठ सोडवत बसलो. ती गाठ सुटलेलीच होती.

त्यांनी ती एकोणीस कुपनं बांधली आणि वर तारीख घातली. म्हणाले, "हे नानांना सांगावं लागेल. आज ते कोल्हापूरला गेलेत. सोमवारी सांगतो." आणि जाता जाता दारातून, "मध्ये रविवार आहे, गोविंदराव."

त्यांनी मला एक अख्खा दिवस दिला होता. रविवारी दुपारी मी त्यांच्या घरापर्यंत गेलो. दार उघडं होतं. आत मास्तर जमिनीवर बसून मुलीला पाढे म्हणायला लावत होते, आणि ती अकराच्या पाढ्यात अडखळली की दोघंही हसत होती. मी उंबऱ्यापासून दहा पावलांवर उभा होतो. मग वळलो आणि घरी आलो. वाटेत कुणीतरी मला हाक मारली. मी इतका दचकलो की चप्पल तुटली.

सोमवारी सकाळी मास्तरांनी नानांना निकाल थांबवायला सांगितला, आणि दुपारपर्यंत गल्लीत बातमी लागली होती की निकाल अडलाय. बक्षीस शिवणयंत्राचं होतं, आणि ते आपल्यातच येणार म्हणून लोक धरून बसलेले. संध्याकाळी पाचला पंधरा-वीस माणसं बोळात उभी होती. नानांच्या खोलीत नाना, मास्तर आणि गल्लीच्या वतीनं बोलायला आलेले तात्या. मला नानांनी प्रुफं घेऊन आत बसायला सांगितलं. कशासाठी, ते मला अजून ठाऊक नाही. साक्षीला असावं.

मास्तरांनी एकोणीस कुपनं टेबलावर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. मग म्हणाले, "उत्तरं मी एका माणसाला वाचून दाखवत होतो. तो माझा दोष. लिहून देतो."

"कोण माणूस?" नानांनी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तो सांगेल."

मी हातातल्या प्रुफाकडे बघत होतो. त्यावर काय होतं ते आठवत नाही. बाहेर कुणीतरी दारावर काठी आपटत होतं, सारखी, एका तालात.

"तो कशाला सांगंल?" तात्या म्हणाले. "त्यांच्या वस्तीतलाच कुणीतरी असणार. ह्यांनी त्याला सांगितलं, त्यानं आमच्या पोरांना. आमची पोरं भोळी." हे बोलताना ते मास्तरांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

नाना माझ्याकडे वळले. "गोविंदा, शनिवारी तू इथं असतोस. मास्तरांबरोबर कुणाला पाहिलंस?"

खोलीत आम्ही चौघं होतो. त्यातल्या तिघांना उत्तर ठाऊक होतं.

मी म्हणालो, "मी प्रुफं बघत असतो."

मास्तरांनी नानांकडे कोरा कागद मागितला. त्यावर लिहिलं, माझ्या हातून उत्तरांची गुप्तता मोडली, सबब मी कोडे रचण्याचे काम आजपासून सोडत आहे. अक्षर नेहमीसारखंच होतं, वळणदार. सही करून कागद दिला आणि नानांकडून त्याची पोच घेतली.

ते बाहेर पडले तेव्हा बोळातून जे शब्द आले ते मी इथं लिहिणार नाही. खिडकीची एक फळी किलकिली करून मी बघत होतो. सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा कुणीतरी सोडली होती. कुणीतरी टोपी उडवली. ती उचलायला ते वाकले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही. ते उभे राहिले, टोपी झटकली, आणि सायकल हातात धरून बोळाच्या तोंडाकडे चालू लागले. माणसं दोन्ही बाजूंनी चालत होती, अंगाला अंग घासून. हात कुणी उचलला नाही. पण उचलला असता तरी मी खिडकी उघडली नसती, हे मला तेव्हाच कळलं होतं.

तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला, चहा घेऊ."

कोडं रद्द झालं. नानांनी पुढच्या अंकात चार ओळींचा मजकूर छापला: कोडेकारांकडून गोपनीयतेचा भंग झाल्याने. नाव नव्हतं, पण सांगलीत नावाची गरज नव्हती. त्या चार ओळींचं प्रूफ मीच तपासलं. चूक एकही नव्हती. तो अंक संस्थेत पोचला. नोकरी गेली नाही, कुणा भल्या माणसानं शब्द टाकला म्हणतात. पण जन्मगावची खुर्ची दुसऱ्याला मिळाली आणि मास्तरांची बदली मेढ्याच्या पुढं, जावळीच्या डोंगरात झाली. जाताना ते छापखान्यात आले नाहीत.

माझं लग्न ठरल्या तिथीला झालं. तात्यांनी त्या दिवसाचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. मला धाक घालायची त्यांना गरजच नव्हती. जेवताना त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी मी ताटाकडे बघायचो. टपालात साताऱ्याचा शिक्का दिसला की मी ते पत्र सगळ्यांत शेवटी फोडायचो. आपण केलं ते वाईट, हा विचार तेव्हा फारसा येत नसे. आपण सापडू, हाच येई. वाईट वाटायला पुढं बरीच वर्षं लागली.

अडुसष्टच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नानांनी मला जावळीत पाठवलं. आदल्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झालेला, भिंतींना तडे गेलेले, शाळा झाडांखाली भरत होत्या. त्यावर लिहून आण म्हणाले. मेढ्याच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत होतो. सकाळपासून तीन शाळा बघितल्या होत्या आणि प्रत्येक शाळेत जाताना मास्तर दिसतील म्हणून मी लांबूनच शिक्षकांचे चेहरे बघून घेत होतो, आणि ते दिसले नाहीत की सुटल्यासारखं वाटत होतं. गाडी लागली. मी पायरीकडे निघालो, आणि ते समोर उभे.

त्यांनी मला आधीच पाहिलं होतं. तीन वर्षांत दहा वर्षांनी थकले होते. मनात आलं, आता ते बोलतील, आणि जे बोलतील ते मी खाली मान घालून ऐकून घेईन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं, उजवीकडं, डावीकडं.

"कोण कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, एकटाच आहे.

"मी आता काय लिहीत न्हाई," ते भराभरा म्हणाले. ती छापायला घ्यावी अशी मराठी कुठल्या कुठं गेली होती. "कोडंबिडं सगळं बंद हाय. पोरांनाबी सांगत न्हाई. हितं कुणालाबी इचारा."

मला कळायला वेळ लागला. मी चौकशीला आलोय असं त्यांना वाटलं होतं. ज्याला वाचवण्यासाठी ते भिंतीकडे बघत गप्प बसले होते, त्या माझी त्यांना भीती वाटत होती.

मी म्हणालो, मास्तर, तसं काही नाही, मी शाळांच्या बातमीसाठी आलो. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मग रीत म्हणून विचारलं, तुमचं बरं हाय नव्हं, मंडळी बरी? मी हो म्हणालो. कंडक्टरनं घंटी दिली. तोंडात वाक्य तयार होतं. तीन वर्षं ते तयारच होतं. मी पायरीवर चढलो.

खिडकीतून पाहिलं. ते हलले नव्हते. तपासणी अधिकाऱ्याची गाडी निघून जाईपर्यंत मास्तर लोक उभे राहतात तसे, दोन्ही हात अंगाशी चिकटवून, ताठ. गाडी वळणावर गेली तरी तसेच.

मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. तात्याही गेले, नानाही. साप्ताहिक बंद पडलं. मला भिववणारं कुणी उरलेलं नाही. मास्तरांची मुलगी साताऱ्यात शिक्षिका आहे. तिचं घर मला ठाऊक आहे, मी दोनदा त्या रस्त्यानं गेलो आहे. तिचा समज काय आहे मला माहीत नाही, पण सांगलीत जे छापलं गेलं ते तिनं वाचलेलं असणार, आणि आपल्या वडिलांच्या हातून चूक झाली असंच धरून ती वाढली असणार.

हे लिहिल्यानं काही फिटत नाही. तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे की उत्तरं तुझ्या वडिलांनी फोडली नाहीत, मी फोडली, आणि विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. तेवढं मी देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.